लातूरचं एकच लॉगिन

ऑफिसातल्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीसाठी शेठनी नारळ फोडला तेव्हा त्याचं पाणी सर्व्हरच्या कपाटाखाली ओघळत गेलं. तिथं विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड होता. मी पायानंच तो मागं सरकवला आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. सोमवारची सकाळ होती. नांदेडच्या ऑफिसातले आम्ही नऊ जण कपाटाभोवती उभे होतो, लातूरची शाखा भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होती, आणि कपाटावर हळद-कुंकवाची बोटं उमटलेली होती. शेठ म्हणाले, "आजपासून आपल्याकडं पारदर्शकता आली." मग पेढे वाटले.

मला किळस आली ती त्या शब्दाची. पारदर्शकता, गतिमानता, सुसंवाद. असले गुळगुळीत शब्द मी लहानपणापासून ओळखतो. ते उद्घाटनांच्या भाषणात येतात आणि कुणाच्याही ताटात काही वाढत नाहीत. पण त्या सकाळी मला खरी किळस यायला हवी होती ती स्वतःच्या बोटांची. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी एक ओळ लिहिली होती आणि त्या ओळीनं लातूरच्या एका बाईची पाच वर्षं पुसली गेली होती. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकत नाही. थोडंफार माहीत होतं.

आमची कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. रक्त-लघवीच्या तपासणीचे रिपोर्ट छापणारं. नांदेड, लातूर, उदगीर, अर्धापूर, जिथं रस्त्याच्या कडेला दोन दवाखाने तिथं एक लॅब, आणि बऱ्याच लॅबमध्ये आमचा रिपोर्ट. कोड आम्ही नांदेडचे लोक लिहायचो. लातूरला सहा जणांची शाखा होती. तिथं ते सॉफ्टवेअर तपासलं जायचं आणि लॅबवाल्यांच्या तक्रारी घेतल्या जायच्या. दोन्ही गावांमधला दुवा म्हणजे एक प्रोग्राम. त्याला आम्ही 'बोर्ड' म्हणायचो. काही बिघाड सापडला की बोर्डवर त्याचं तिकीट उघडायचं, कुणी दुरुस्त करायचं ते लिहायचं, खाली शेरे मारायचे, दुरुस्त झालं की तिकीट बंद करायचं. कुणी काय केलं, कधी केलं, हे सगळं तिथं राहायचं. निदान तसं समजलं जायचं.

पण बोर्डच्या जुन्या आवृत्तीत दहाच माणसांना खाती मिळायची. नऊ नांदेडला गेली. उरलेलं एक लातूरला. म्हणजे सहा माणसांना मिळून एक खातं, त्याचं नाव 'लातूर', आणि त्याचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेला. चहा घेऊन येणारे मामा गमतीनं म्हणायचे, "मीबी एखादं तिकीट टाकू का?" शेठना ही व्यवस्था फार आवडायची. "एक घर, एक किल्ली," असं ते म्हणायचे. ज्यांच्याकडं स्वतःची किल्ली असते त्यांना असली वाक्यं सुचतात. आम्हा नांदेडकरांनाही त्यात वावगं वाटलं नाही. आमची नावं तिकिटांवर होती. लातूर म्हणजे लातूर.

त्या सहांमध्ये एक ताई होत्या. पस्तिशीच्या. माहेर जळकोटचं, नोकरीसाठी लातूरला खोली घेऊन राहायच्या. सॉफ्टवेअर तपासण्याचं काम त्यांचं. पाच वर्षं त्या कंत्राटावर होत्या. अकरा महिने काम, मग एक महिना घरी बसायचं, मग पुन्हा अकरा महिने, म्हणजे कुणी कायम नोकरीचा दावा करायला नको. तो एक महिना त्या जळकोटला जायच्या. गल्लीतल्या बाया दरवर्षी विचारायच्या, "काढलं का गं कामावरून?" आणि दरवर्षी त्याच महिन्यात लातूरच्या ऑफिसातून फोन जायचा, "ताई, हे जरा कसं तपासायचं ते सांगा की." त्या सांगायच्या. बिनपगारी. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं.

बोर्डवर त्यांचा शेरा मी खात्याचं नाव न बघताही ओळखायचो. बाकीचे "चेक केलं", "ओके आहे" असं काहीबाही लिहायचे. ताईंचा प्रत्येक शेरा तीन शब्दांनी सुरू व्हायचा. पाहिले. तपासले. आणि मग एकतर "बरोबर", नाहीतर "बरोबर नाही". पुढं कारण. त्यांचं "बरोबर नाही" वाचलं की मी हातातलं काम बाजूला ठेवायचो, कारण ते कायम खरं निघायचं.

त्यातलं एक तिकीट सगळ्यांच्या लक्षात होतं. एकाच नावाचे, एकाच वयाचे दोन पेशंट एकाच दिवशी लॅबमध्ये आले तर आमचं सॉफ्टवेअर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर छापू शकत होतं. ताईंनी ते शोधलं. त्यावर कुणीतरी "असं कधी होत नसतं" असं लिहून तिकीट बंद केलं. ताईंनी पुन्हा उघडलं. पुन्हा बंद झालं. पुन्हा उघडलं. तीन वेळा. शेवटी मी ते दुरुस्त केलं. आमच्या भागात एकेका आडनावाची पन्नास घरं एकेका गावात असतात आणि त्यात एकच नाव ठेवायची हौस. एखाद्याची साखर दुसऱ्याच्या कागदावर गेली असती.

रविवारी दुपारी मी एकटा ऑफिसात बसून बोर्ड नव्या आवृत्तीत नेत होतो. नवी आवृत्ती फार देखणी. तिच्यात लातूरच्या सहाही जणांना स्वतःची खाती. तिकीट बंद केलं की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडतात. जास्त काम करणाऱ्याच्या नावापुढं सोनेरी तारा येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अहवाल: कुणी किती तिकिटं उघडली, किती तपासली, किती शेरे दिले, माणसागणिक. शेठनी आदल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं की लातूरच्या कंत्राटी लोकांपैकी एकाला यंदा कायम करायचं आणि कुणाला ते नवा बोर्ड सांगेल. "माझा माणूस, तुझा माणूस, ती भानगडच नको. मशीनला नातीगोती नसतात."

जुनी तिकिटं नव्या आवृत्तीत आणायची तर तिला एक यादी द्यावी लागायची. डावीकडं जुनं खातं, उजवीकडं खरा माणूस, त्याच्या ईमेलसकट. नांदेडच्या नऊ ओळी पाच मिनिटांत झाल्या. दहावी ओळ: डावीकडं 'लातूर'. उजवीकडं मोकळं. नवी आवृत्ती मोकळी जागा घेईना. एक माणूस सांगा, म्हणे.

मी लातूरच्या शाखाप्रमुखांना फोन लावला. गृहस्थ दिलखुलास, पोट सुटलेले, प्रत्येकाला लेका म्हणणारे.

"सर, 'लातूर' खात्यापुढं कुणाचं नाव टाकू?"

"कुणाचं म्हंजे? हेड कोण हाय?"

"तुम्ही."

"मग माझं टाक की लेका. सुट्टीच्या दिवशी जेवताना फोन करून राहिलास, एवढ्यासाठी?"

"पण त्यात सगळ्यांचं काम आहे, ताईंचं तर..."

"अरे, शाखेचं काम म्हंजे हेडचंच असतं. टाक."

मी टाकलं. भूक लागली होती. हा लेख लिहिताना मला दुसरं कारण शोधायचा मोह झाला. मुदतीचा ताण, शेठचा धाक, काहीतरी भारदस्त. कारण एवढंच होतं की भूक लागली होती आणि ती ओळ माझ्या ताटाआड येत होती. "ताईंचं तर" म्हणून मी थांबलो, म्हणजे मला माहीत होतं.

आता हे कोण करतोय ते बघा. माझे वडील वीज खात्यात लाइनमन होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. वस्तीत पाणी आलं नाही, पत्रक. शाळेत मुलांना वेगळं बसवलं, पत्रक. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर उधळपट्टी झाली तर आपल्याच लोकांविरुद्ध पत्रक. जुन्या मोंढ्याजवळच्या एका छापखान्यात ती छापली जायची आणि मी शाळेतून आल्यावर त्यांच्या घड्या घालायचो. वाचायला मी शिकलो तेच त्या गुलाबी आणि पिवळ्या कागदांवर. वडील एक गोष्ट कायम सांगायचे: कुणाचंही पत्रक हातात आलं की आधी तळाची ओळ वाच. मुद्रक कोण, प्रकाशक कोण. तिथं नाव नसेल तर ते पत्रक नव्हे, भिंतीवरची शिवी आहे. माणसानं लिहिलं की खाली नाव घालायचं, आणि दुसऱ्यानं लिहिलं असेल तर त्याचं घालायचं. अशा घरातला मी. आणि भुकेपायी मी सहा माणसांचं लिहिणं एका माणसाच्या नावावर छापून मोकळा झालो.

सोमवारी दुपारी अहवाल आला. शेठनी तो मोठ्या पडद्यावर लावला. पहिल्या क्रमांकावर लातूरचे शाखाप्रमुख, नावापुढं सोनेरी तारा. नांदेडच्या आम्हा सगळ्यांच्या वर. आणि तळाशी लातूरची पाच नावं, त्यात ताईंचं. प्रत्येकापुढं शून्य.

"वा!" शेठ म्हणाले. "हेड असावा तर असा. आणि ही बाकीची मंडळी काय करून राहिली तिथं?"

पडद्यावर शाखाप्रमुख लाजल्यासारखे हसले. त्यांच्यामागं ताईंचा अर्धा खांदा दिसत होता. तो हलला नाही. कुणीतरी एक तिकीट बंद केलं असावं, कारण त्याच वेळी अहवालावरून लाल-पिवळे कागदी तुकडे उडून गेले.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. एरवी त्या मला भाऊ म्हणतात आणि अरे-तुरे करतात.

"साहेब, मोकळे आहात का?"

"ताई, साहेब काय म्हणता!"

"म्हणावं लागतं ना. तुम्ही एका दुपारीत माझी पाच वर्षं उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवली. एवढं तर आमच्या जळकोटात चोरालाही जमत न्हाई. त्याला टेम्पो लागतो."

मी काहीतरी बोललो. नवी आवृत्ती, मोकळी जागा, वरून आदेश.

"वरून म्हंजे कुठून? माझ्या वर तर पंखा हाय."

तिसऱ्या मिनिटाला मी शेठच्या केबिनमध्ये होतो. लातूरचं खातं सगळे मिळून वापरायचे, अहवाल खोटा आहे, असं मी जोरात सांगितलं. शेठनी शांतपणे शाखाप्रमुखांना फोन लावून स्पीकर सुरू केला.

"हा पोरगा म्हणतो शेरे तुमचे न्हाईत."

"असं कसं शेठ? मी सांगायचो, ती टाइप करायची. माझा टायपिंगचा स्पीड कमी हाय ना."

"झालं मग," शेठ माझ्याकडं बघून म्हणाले. "सांगणारा लेखक. टाइप करणारा टायपिस्ट."

मी बाहेर आलो आणि मला जे येतं तेच केलं. घरी जाऊन पत्रक लिहिलं. मथळा, 'श्रमाची चोरी: एका अपग्रेडची काळी कहाणी'. भाषा अशी की कागद पेटावा. भांडवली यंत्रणा, नफेखोर डोळे, स्त्रीश्रमाचं अदृश्यीकरण. ताईंचा उल्लेख तीनदा, 'एक पीडित भगिनी' असा. तळाशी माझं नाव, ठळक. झेरॉक्सच्या दुकानात पन्नास प्रती काढल्या आणि गुरुवारी रजा टाकून सकाळची लातूरची एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी मांडीवर गठ्ठा घेऊन ताठ बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कशाच्या पत्रिका? लग्नाच्या का?" मी म्हटलं, "लढ्याच्या." ते म्हणाले, "बरं बरं," आणि खिडकीकडं तोंड करून झोपले.

ताईंना जेवणाच्या सुट्टीत ऑफिसशेजारच्या रसवंतीत गाठलं. त्यांच्यासोबत तिथलीच एक मुलगी होती, तक्रारींचे फोन घेणारी. ताईंनी पत्रक हातात घेतलं, पर्समधून पेन काढलं आणि सॉफ्टवेअर तपासतात तसं ते तपासायला लागल्या. मला वाटलं, गहिवरतील.

"पहिल्याच ओळीत चूक हाय," त्या म्हणाल्या. "'यंत्रणेनं एका भगिनीचं नाव पुसून टाकलं.' यंत्रणेनं?"

"म्हणजे एकूण व्यवस्था..."

"ती ओळ कुणी लिहिली, भाऊ? लातूरपुढं हेडचं नाव कुणी टाकलं?"

"मी."

"मग ते कुठं लिहिलंय यात?" त्यांनी कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. "इकडंबी न्हाई."

ती मुलगी फिस्सकन हसली. रसाचा ग्लास तोंडाला लावून तिनं ते लपवलं.

"पन्नास प्रतींत तू शेठला धुतलं, हेडला धुतलं, जगाला धुतलं. तुझाच शर्ट तेवढा कोरडा. आणि हे पीडित भगिनी काय? मी पीडित दिसते का? मी दोन ग्लास रस पिले आत्ता." पेननं त्यांनी तो शब्द खोडला. "माझं नाव तुझ्या पत्रकात नको मला. वाचतील चार लोक, हळहळतील, त्यात भजी बांधतील. मला माझं नाव बोर्डवर पाहिजे. जिथून काढलं तिथं."

"पण ताई, सगळं एकाच खात्यात होतं. कोणता शेरा कुणाचा, हे आता कसं..."

"मी पाच वर्षं एकाच खुर्चीवर बसले. खिडकीजवळची. मशीन तीच. उन्हाळ्यात तापायची म्हणून तिला ओला टॉवेल मीच ठेवायची शेजारी. कुठून कोण आलं हे तुझ्या सर्व्हरला दिसत नसतं का? फळ्यावर पासवर्ड होता, पण खुर्च्या तर सहा होत्या ना?"

दिसत असतं. लातूरचे सहाही संगणक एका बंद वाहिनीतून नांदेडच्या सर्व्हरला जोडलेले होते, आणि प्रत्येकाला ठरलेला क्रमांक होता. तो क्रमांक मीच दिला होता. कुठल्या मशीनवरून किती वाजता शेरा लिहिला गेला, याची नोंद जुना सर्व्हर ठेवत असणार. पत्रक लिहायला मला दोन तास लागले होते. हा विचार करायला दोन मिनिटं लागली असती, पण मी तो केलाच नव्हता, कारण त्यात माझ्या आवाजाला काही काम नव्हतं.

"शनिवारी जुना सर्व्हर पुसायचाय," मी म्हणालो. "शेठनी तो पुतण्याच्या क्लासला द्यायचं कबूल केलंय."

"मग रस पी आणि एसटी पकड," ताई म्हणाल्या.

पन्नास प्रती मी परत आणल्या. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आज हा लेख लिहितो आहे.

शुक्रवारी सकाळी जुना सर्व्हर उघडला. नोंदी होत्या. खरं तर त्या दर महिन्याला आपोआप पुसल्या जायला हव्या होत्या. ती सोय लावायची मी कधीकाळी आळसानं विसरलो होतो. माझ्या चलाखीनं नव्हे, आळसानं ताईंची पाच वर्षं शिल्लक राहिली. शेरे आणि मशीनचे क्रमांक मी दुपारपर्यंत जुळवले. मग त्या दोन पेशंटांच्या तिकिटाचा कागद छापला आणि सगळ्यांची बैठक चालू असताना, लातूर पडद्यावर असताना, उभा राहिलो.

"रविवारी मी एक चूक केली," मी म्हणालो. एवढं वाक्य बोलायला किती जड जातं ते तोवर ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांच्या चुकांबद्दल मी तासभर बोलू शकत होतो. "लातूरच्या सहा जणांचं काम मी एका नावावर टाकलं. कुणाला नीट न विचारता, घाईत. ते मला दुरुस्त करायचंय."

"तो विषय झाला बेटा," शेठ म्हणाले. "नारळ फुटला. पेढे वाटले. आता मागं काय जायचं?"

"एकच कागद वाचतो." आणि मी वाचला. दोन पेशंटांचं तिकीट. उघडलं, सहा नंबरच्या मशीनवरून. बंद केलं, एक नंबरच्या मशीनवरून. उघडलं, सहा. बंद, एक. उघडलं, सहा. बंद, एक. उघडलं, सहा. "सहा नंबर मशीन ताईंचं, खिडकीजवळचं. एक नंबर मशीन शाखाप्रमुखांच्या केबिनमध्ये आहे. सर म्हणतात की ते सांगायचे आणि ताई टाइप करायच्या. मग तिकीट पुन्हा पुन्हा उघडायला सांगून सर स्वतःच्या मशीनवरून ते तीनदा बंद का करत होते?"

पडद्यावर शाखाप्रमुखांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि मग, मला आजही ते आठवलं की शिसारी येते, ते हसले. मोकळं, मनापासून. "मला काय माहीत लेका, मशीन इतकं बारीक बघतं! आधी सांगायचं ना." राग नाही, लाज नाही. रस्त्यात पडलेली छत्री उचलली आणि मालक आला म्हणून परत केली, एवढंच त्यांच्या लेखी घडलं होतं. शेठनाही त्यात वाईट काही दिसलं नाही. ते फक्त म्हणाले, "नारळ परत फोडावा लागंल का?"

लागला नाही. सर्व्हर पुसायचं आठवडाभर पुढं ढकललं. मी नव्या बोर्डवर माझ्या नावानं तिकीट उघडलं: 'लातूर खात्याची तिकिटं चुकीच्या माणसाच्या नावावर. चूक करणारा: मी. तपासणी: ताई.' रविवारी दुपारी पुन्हा एकटा बसलो, जेवण आधीच उरकून, आणि यादीत एका ओळीच्या जागी सहा ओळी केल्या. सोमवारी ताईंच्या नावापुढं शून्य नव्हतं. त्या नांदेड-लातूर मिळून पहिल्या होत्या, सोनेरी ताऱ्यासह.

तिकिटावर त्यांचा शेरा आला. त्यांच्या स्वतःच्या नावानं, पाच वर्षांतला पहिला.

"पाहिले. तपासले. बरोबर नाही. माझी रजा असतानाच्या महिन्यातली तिकिटं माझ्या नावावर आली आहेत. तेव्हा माझ्या खुर्चीवर ती फोन घेणारी मुलगी बसायची. मी फोनवर सांगायचे, पण करायची ती. तिची तिला द्या. आणि हा तारा काढता येतो का ते पाहा."

मी तो शेरा दोनदा वाचला. मी सांगायचे, करायची ती. शाखाप्रमुखांचंच वाक्य, पण ताईंनी ते स्वतःच्या विरुद्ध लावलं होतं. बिनपगारी महिन्यातलं ते खरं कष्टाचं सांगणं त्यांनी मोजायला नकार दिला. मी दुरुस्ती केली. तारा काढता आला नाही; ती सोय नव्या आवृत्तीत नाही. मग त्यांनी "बरोबर" लिहून तिकीट बंद केलं आणि कागदाचे तुकडे उडाले.

त्या महिन्याच्या शेवटी शेठनी ताईंना कायम केलं. पत्र मी बघितलं, त्यावर अकरा हा आकडा कुठंही नव्हता. ताईंनी जळकोटला आईला फोन करून एवढंच सांगितलं म्हणे, "यंदा येत न्हाई मी. गल्लीत सांग." इथं मला बरं वाटून थांबता आलं असतं. पण त्याच दिवशी शेठनी बोर्डच्या पहिल्या पानावर, सगळ्या ग्राहक लॅबनाही दिसेल असा, मजकूर लावला: 'आमच्या नव्या पारदर्शक प्रणालीने स्वतःहून गुणवंत कर्मचारी शोधून काढला.' शेजारी ताईंचा फोटो, त्यामागं शाखाप्रमुख, हातात पेढ्यांचा बॉक्स. प्रणालीनं! फळ्यावरचा खडूचा पासवर्ड नाही, भुकेपायी लिहिलेली ओळ नाही, ओला टॉवेल नाही. मी पानाकडं बघत बसलो आणि सवयीनं मनातल्या मनात मथळा जुळवायला लागलो.

तेवढ्यात बोर्डवर नवं तिकीट आलं. उघडणाऱ्या, ताई. दुरुस्त करणारा, मी.

"पहिल्या पानावरचा मजकूर. पाहिले. तपासले. बरोबर नाही. प्रणालीने शोधले नाही. चूक कुणाची आणि नोंदी कुणी काढल्या ते लिहून, खाली लिहिणाऱ्याचे नाव घालून, पुन्हा लावावे. पत्रकासारखे लिहू नये."

मी साध्या चार ओळी लिहिल्या, खाली नाव घातलं आणि शेठकडं घेऊन गेलो. ते म्हणाले, "राहू दे की आता, बघू पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यातही तेच म्हणाले. एकदोनदा त्यांनी बोर्डवर जाऊन ते तिकीट बंद केलं. आता बंद करणाऱ्याचं नाव दिसतं. ताईंनी प्रत्येक वेळी पुन्हा उघडलं, आणि मी प्रत्येक वेळी त्याच चार ओळी घेऊन केबिनचं दार वाजवलं. आजही सकाळी वाजवलं.